विजेच्या तंतुवाद्याचा भोपळा

गेल्या पंधरवड्यात सायंकाळी दांडिया बाजारातून घरी परतत असता एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी मला थांबवले. ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ओळखीचे. प्रकृतीची चौकशी झाली, पावसाची झाली, आणि मग हातातली छत्री दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी मूळ विषयाला हात घातला. "काय हो मास्तर, ऐकतो ते खरे का? तुमच्या क्लासात म्हणे आता गिटारचे भोंगे तयार होतात?"

त्यांनी ऐकले ते निम्मे खरे होते. माझ्या शिकवणीच्या खोलीमागे जी पडवी आहे, तेथे दोन महिने एका गणेशोत्सव मंडळाचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उघडून पडला होता, आणि आज तो इलेक्ट्रिक गिटारच्या कामी येतो आहे. रस्त्यावर उभ्या उभ्या याचा खुलासा करणे अवघड, म्हणून मी नुसता हसलो. पण हसून सोडून देण्याजोगा तो प्रश्न नव्हता. दरबारी सतारियाच्या घरात हे काय चालले आहे, अशी शंका त्यांच्यासारख्या आणखीही काहींच्या मनात असणार. तेव्हा उत्तर सविस्तर दिलेले बरे.

प्रथम माझ्याविषयी थोडे. अण्णा सोळाव्या वर्षी, १९४७ साली, बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. हातात सतार होती आणि डोळ्यांसमोर फैयाजखाँसाहेबांसारखी माणसे होती. दोन वर्षे होतात न होतात तोच, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. अण्णांचा दरबार तेथेच संपला. पुढचे सारे आयुष्य शिकवण्या आणि रेडिओवरचे कार्यक्रम यांवर गेले. मी त्यांचे उशिराचे अपत्य. पन्नाशीला अजून दोन वर्षे कमी आहेत. सतार आणि गायन शिकवून माझा प्रपंच चालतो. इलेक्ट्रिक गिटार मला वाजवता येत नाही, आणि या वयात ती शिकण्याची हौसही नाही.

मात्र माझा एक विद्यार्थी आहे. आपल्यातल्याच एका जुन्या घराण्यातला, वय वर्षे एकोणीस. सकाळी माझ्याकडे यमन घोकतो आणि रात्री गिटार वाजवतो. गेल्या वर्षी तो जरा चाचरतच म्हणाला, "सर, तुमच्याकडे अण्णांचा जुना रेडिओ आहे ना? त्याचा गिटारसाठी ॲम्प्लिफायर करता येतो. मी पाहिले आहे."

मला त्याचा राग आला नाही. उलट आपण किती उदार आहोत हे दाखवण्याची संधी मिळाली असे वाटले. अण्णांना जाऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. रेडिओ माळ्यावर धूळ खात होता. आई म्हणाली, "तुझे तू ठरव. पण त्याच्यावर यांची सतार वाजली होती, एवढे लक्षात ठेव." मी लक्षात ठेवले आणि तरीही रेडिओ द्यायचे ठरवले. ते औदार्य किती महागात पडले असते, ते पुढे सांगतो.

आधी त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नातला "भोंगा" हा शब्द पाहू, कारण सगळा गैरसमज त्या शब्दात आहे. गवयापुढे ठेवलेला ॲम्प्लिफायर हा खरोखरच भोंगा. त्याने आवाज मोठा करावा आणि स्वतःचे काही घालू नये. जितका निर्गुण तितका चांगला. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. ती एक भरीव लाकडाची फळी असते. तिला पोकळी नाही, तबली नाही, भोपळा नाही. तारेखाली लोहचुंबकावर गुंडाळलेले तारेचे वेटोळे असते; तार हलली की त्यात व्होल्टाच्या काही अंशाइतकी वीज उमटते. एवढेच तिचे बोलणे. या कुजबुजीला देह देण्याचे काम ॲम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर करतात. सतारीला जसा भोपळा, तसा या वाद्याला ॲम्प्लिफायर. तो वाद्याच्या बाहेरचा कर्णा नसून वाद्याचा अर्धा भाग आहे. तेव्हा तो बांधणारा माणूस विजेचा मिस्त्री असला तरी जात वाद्य बनवणाऱ्याची आहे.

गिटारवाल्यांचा जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर एवढा जीव का, हे मला कळले ते माझ्याच वाद्यामुळे. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचेची नळी. आत एक तापलेला पत्रा इलेक्ट्रॉन सोडतो, दुसरा, शेकडो व्होल्टांवर असलेला, ते ओढून घेतो. मध्ये एक जाळी. जाळीवर आलेला लहानसा सूर त्या मोठ्या प्रवाहाला आवरतो, सोडतो, आणि मोठा होऊन बाहेर पडतो. सूर बेताचा असेल तर तो जसाच्या तसा मोठा होतो. तार जोरात छेडली की मात्र नळीची धाव संपते. लाटेचे माथे एकदम कापले न जाता हळूहळू दबतात, आणि त्या दबण्यातून मुळात नव्हते असे वरचे स्वर जन्म घेतात. इंजिनिअर याला दोष म्हणतो. गिटारवादक याला टोन म्हणतो.

मी याला जवारी म्हणतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला किंचित उतार दिलेला असतो. तार हलताना त्या उताराला पुन्हा पुन्हा चाटून जाते, खाली सुती दोरा सारून ती जागा नेमकी साधायची, आणि मग एका षड्जातून पंचम आणि स्वयंभू गंधार उमलतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीवर एक निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडावी, त्या जागी ज्या स्वरांचे बिंदू पडतात ते स्वर ऐकू येता कामा नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम होता. आपल्या घोडीवर ते स्वर स्वच्छ ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवून दिले. म्हणजे छेडताना जे तारेत नव्हते ते घोडीने निर्माण केले. सरळ गणिताच्या दृष्टीने हाही दोषच. त्या दोषावर आपले सारे संगीत उभे आहे.

मंडळाच्या त्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटच्या टप्प्याला दोन नळ्या जोडीने काम करतात. एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. अशा जोडीत दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे उपस्वर एकमेकांना खोडतात आणि तिसरा व पाचवा पुढे येतो. तिसरा म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पाचवा म्हणजे दोन सप्तके वरचा शुद्ध गंधार. आधीच्या टप्प्याच्या एकेकट्या नळीतून दुसरा, म्हणजे वरचा षड्ज, मिळतोच. मुलाने पहिल्यांदा जोराने खालची तार छेडली तेव्हा मी डोळे मिटून बसलो होतो. मला तो गंधार ऐकू आला. विजेच्या पेटीतून तो यावा याचे आश्चर्य वाटले. मग वाटले, निसर्गाचा नियम एकच, त्याला पेटी काय आणि भोपळा काय.

मी त्याला षड्ज-पंचम एकत्र वाजवायला सांगितले. दणदणीत आणि एकजीव. मग षड्ज आणि कोमल गंधार एकत्र वाजवायला सांगितले, गढूळ पाणी. कारण असे की, अशा दबलेल्या आवाजात दोन स्वर एकमेकांत मिसळून त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे तिसरे स्वर निघतात. षड्ज-पंचमाच्या बाबतीत ते त्यांच्याच नात्यात बसतात; इतरत्र परके ठरतात. म्हणूनच अशा गिटारवर जोराच्या जागी षड्ज-पंचमाची जोडी वाजवतात. षड्ज-पंचम भाव मी वीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवत आलो. त्या दिवशी मुलाला तो एका मिनिटात कळला, आणि मला वाटते, मलाही नव्याने कळला.

या वाद्याचा जन्मही आपल्याला वाटतो तितका परका नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या आरंभी जी पहिली इलेक्ट्रिक गिटार विक्रीला आली, ती मांडीवर आडवी ठेवून पोलादाची कांडी तारेवर सरकवत वाजवायची होती. विचित्रवीणेवर काचेचा गोटा सरकताना ज्याने पाहिला आहे त्याला ते चित्र चटकन डोळ्यांपुढे येईल. पुढे ज्यांच्या नावाचे ॲम्प्लिफायर जगभर गेले ते लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान घालून बसले होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यांचा 'चॅम्प' नावाचा लहान ॲम्प्लिफायर पाहा: तीन व्हॉल्व्ह, एक बटण, सुमारे पाच वॅट. सूर मोठा करायला एक दुहेरी नळी, स्पीकर हलवायला एक, आणि उलटसुलट वाहणारी वीज सरळ करायला एक. व्हॉल्व्हच्या साध्या रेडिओचा मागचा निम्मा भाग आणि हा यांत फार अंतर नाही. शिकणारे आजही पहिला ॲम्प्लिफायर बांधतात तो बहुधा याच नकाशावरून.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे ड्रम वाजवणारे आणि शिकवणारे गृहस्थ होते. म्हणजे माझ्यासारखे मास्तरच. त्यांचे वाद्यांचे दुकान होते. गिटारवाली पोरे येऊन मोठा आवाज मागत, आणि अमेरिकी ॲम्प्लिफायर महाग पडत. १९६२ साली त्यांनी केन ब्रान व डडली क्रेवन या दोन तंत्रज्ञांच्या मदतीने फेंडरच्या 'बेसमन'चा नकाशा पुढे ठेवून स्वतःचा ॲम्प्लिफायर बांधला. नकाशा जवळजवळ तोच, पण व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर इंग्लंडात मिळाले ते घातले. आणि आवाज निराळा निघाला. बंदिश एक आणि गळा दुसरा असला की गाणे बदलते, तसेच हे. जगाला ठाऊक असलेला रॉक संगीताचा तो आवाज एका संगीत शिक्षकाच्या दुकानात, मिळेल त्या सामानातून उभा राहिला. जुन्याचे नवे करणे हे या कलेत पहिल्यापासून आहे.

आता आमच्या रेडिओकडे येतो. शहरात व्हॉल्व्हचे काम जाणणारे एक मिस्त्री अजून आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. भाषा घरची गुजराती, पण आयुष्य मराठी गिऱ्हाइकांत गेल्यामुळे मराठी माझ्याहून ठसकेबाज. मी आणि तो मुलगा रेडिओ घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, चष्मा कपाळावर चढवला, एका नळीवरची अक्षरे वाचली आणि पुठ्ठा परत लावून टाकला.

"मास्तर, याला हात लावायचा नाही. याचा गिटारला भोंगा केला असता तर एक दिवस पोरगा तारेला चिकटून राहिला असता."

त्यांनी मग समजावून सांगितले ते मी येथे मुद्दाम लिहितो, कारण पुष्कळ घरांतून असे रेडिओ आहेत आणि पुष्कळ घरांतून आता अशी मुलेही आहेत. युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हवर पहिले अक्षर त्याच्या तापण्याची रीत सांगते. 'ई' असेल, जसे ईसीएच ८१, ईएल ८४, तर तो ६.३ व्होल्टांवर तापतो. 'यू' असेल, जसे यूसीएच ८१, यूसीएल ८२, तर सारे व्हॉल्व्ह दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागून एक जोडून थेट घरच्या विजेवर तापवलेले असतात. अशा रेडिओत मुख्य ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि घरातल्या विजेची एक तार सरळ आतल्या पत्र्याच्या बैठकीला, म्हणजे चेसिसला, जोडलेली असते. रेडिओ म्हणून त्यात फारसे भय नाही. लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकची बटणे यांमुळे तो पत्रा कोणाच्या हाताला लागत नाही. पण गिटारच्या तारा केबलच्या जाळीवाटे त्याच पत्र्याला जोडल्या जातात. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की २३० व्होल्ट वादकाच्या बोटांत. मी उदार मनाने माझ्या विद्यार्थ्याला काय देऊ केले होते, ते मला त्या दुकानात उभा असताना कळले. घसा कोरडा पडला.

मिस्त्री पुढे म्हणाले की नुसत्या अक्षरावरही भरवसा ठेवू नये. 'ई'चे व्हॉल्व्ह असूनही काही रेडिओंत ज्याची दोन वेटोळी एकमेकांपासून विलग नाहीत असा ट्रान्सफॉर्मर असतो, धोका तोच. प्लगच्या पिना आणि चेसिस यांच्यामध्ये काही जोड नाही ना, हे मीटर लावूनच ठरवावे.

म्हणून आम्ही रेडिओ सोडला आणि मंडळाच्या अडगळीतला ॲम्प्लिफायर मागून आणला. पूर्वी गणपतीत आणि गरब्यात वापरत, तसलाच. दोन ईसीसी ८३, दोन ईएल ८४, वीज सरळ करायला एक ईझेड ८१. ताकद बारा-पंधरा वॅट. आजच्या मांडवातल्या हजारो वॅटांपुढे हास्यास्पद, पण एका खोलीला पुरून उरणारी. त्यात भक्कम ट्रान्सफॉर्मर होता, आणि तो मुळातच बोलण्या-गाण्याचा ॲम्प्लिफायर असल्याने त्याचे वाद्य करण्यात कोणाचा अपमान नव्हता.

काम मिस्त्रींच्या देखरेखीखाली झाले. पहिल्या दिवशी त्यांनी सोल्डरिंग आयर्न हाती घेऊच दिले नाही. पहिला धडा असा की, प्लग काढला म्हणजे वीज गेली असे नव्हे. मोठे कंडेन्सर तीनशे व्होल्टांचा साठा धरून बसतात. तो रेझिस्टन्स लावून उतरवायचा, मीटरने खात्री करायची, आणि तपासताना एक हात पाठीमागे ठेवायचा. मग जुने कागदी आणि रसायनाचे कंडेन्सर सगळे बदलले. येथे मुलाने हरकत घेतली. जुन्या कंडेन्सरमध्येच जुना आवाज असतो असे त्याने कुठेसे वाचले होते. मिस्त्री म्हणाले, "जुनी सतार ठेव, पण गंजलेली तार कोण ठेवतो?" मला हे पटले. जुने ते सोने म्हणणारी मंडळी आपल्याकडे आहेत तशी त्यांच्यातही आहेत.

दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घातली आणि जमिनीची तार चेसिसला नटबोल्टने पक्की केली. फ्यूज घातला. मायक्रोफोनच्या जागी गिटारचे सॉकेट आले. गवयाचा आवाज स्वच्छ राहावा म्हणून शेवटच्या टप्प्यातून मागे वळवलेला जो अंकुश असतो, तो सैल केला. माझ्या भाषेत सांगायचे तर जवारी उघडली. स्पीकर आठ ओहमचा, म्हणून ट्रान्सफॉर्मरचे आठ ओहमचेच टोक घेतले. स्पीकर न जोडता असा ॲम्प्लिफायर कधी वाजवायचा नाही, नाहीतर तो ट्रान्सफॉर्मर जळतो, हेही मुलाच्या वहीत तांबड्या शाईने लिहिले गेले. पहिल्यांदा वीज दिली ती मध्ये शंभर वॅटचा दिवा घालून. आत कुठे शॉर्ट असता तर दिवा लख्ख पेटला असता. तो क्षणभर पेटला, मंदावला, आणि पाचही नळ्यांत नारिंगी उजेड आला. त्या वेळी आम्ही तिघेही बोलत नव्हतो.

आता आक्षेपांविषयी. पहिला आक्षेप परकेपणाचा. याला हार्मोनियमचे उदाहरण पुरेसे आहे. स्वर अचल, मींड नाही, विलायती पेटी, म्हणून १९४० साली नभोवाणीवर तिला बंदी झाली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आज पेटीवाचून आपली मैफल आपल्यालाच सुनी वाटते. ब्रिजभूषण काब्रांनी साधी गिटार रागदारीला वाहिली. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. विश्वमोहन भट्टांच्या गिटारला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. आणि बडोदेकरांनी तरी परकेपणाची भाषा बोलू नये. १८८६ साली येथे संगीतशाळा उघडणाऱ्या मौलाबक्षांच्या या गावात, एकाच राजाच्या पदरी ख्यालही होता आणि बॅण्डही होता. संस्थानचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांत अशी केंद्रे अवघी पाच होती. व्हॉल्व्ह आपल्या गावाला नवा नाही.

दुसरा आक्षेप अधिक सबळ, आणि तो त्या मुलाच्या वडिलांनी घेतला. हा सगळा आवाज आता मुठीएवढ्या डिजिटल पेटीत मिळतो. स्वस्त, हलका, शॉक न देणारा. मग हा खटाटोप कशाला? मी याला खोटे उत्तर देणार नाही. त्या पेट्या चांगल्या असतात, आणि डोळे मिटून ऐकताना मला प्रत्येक वेळी फरक सांगता येईल अशी माझी प्रौढी नाही. मुलाला केवळ आवाज हवा असेल तर त्याने ती पेटी घ्यावी. पण ती पेटी बिघडली तर तिला उघडून कोणी काही शिकत नाही. ती टाकून दुसरी आणतात. मंडळाच्या ॲम्प्लिफायरचा प्रत्येक जोड त्या मुलाला ठाऊक आहे. आवाज कोठून येतो हे ज्याला ठाऊक असते त्याचे ऐकणे बदलते. शिक्षक म्हणून मला त्याच्या गिटारपेक्षा त्याच्या कानाची पर्वा आहे, आणि दोन महिन्यांत त्याचा यमनातला गंधार सुधारला आहे.

व्हॉल्व्ह आता मिळणार कोठून, असेही विचारतात. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह केले; ते आता जुन्या दुकानांच्या खोक्यांत सापडतात तेवढेच. नवे येतात ते मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून. २०२२ साली युद्धामुळे रशियाचा पुरवठा अडला तेव्हा जगभर भाव चढले. म्हणूनच आपल्या माळ्यावर जे आहे त्याची किंमत ओळखावी.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. घरात धडधाकट व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर तो रेडिओच राहू द्या, जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या. गिटारसाठी फोडू नका, आणि आत दिवा घालून दिवाणखान्याची शोभाही करू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओला गिटार कधीही लावू देऊ नका. त्यात मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. सभा-समारंभाचा जुना ॲम्प्लिफायर असेल तर मात्र तो भंगारात घालण्याआधी एखाद्या होतकरू मुलाला आणि एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीला एकत्र बोलवा. २०१० साली मी अण्णांचा स्वतःचा ॲम्प्लिफायर भंगारवाल्याला वजनावर दिला. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचे पैसे आले. ते कशात खर्च झाले हे आठवतही नाही.

आणि आपल्या संगीतशाळांना एक विनंती. गाणे शिकवता, वाजवणे शिकवता, तसे एक टेबल वाद्यदुरुस्तीसाठी ठेवा. त्यावर एका बाजूला कानस आणि घोडी असू द्या, दुसऱ्या बाजूला मीटर आणि सोल्डरिंग आयर्न. आपण कलावंतांच्या तसबिरी लावतो, पुण्यतिथ्या करतो. त्यांच्या वाद्यांना आवाज देणारे हात मात्र आपण कोठे नोंदलेले नाहीत. मिस्त्रींच्या मुलांनी दुसरे धंदे धरले आहेत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडे शिकायला आलेला हा पहिलाच मुलगा.

अण्णांचा रेडिओ मिस्त्रींनी कंडेन्सर बदलून चालू करून दिला. आता तो आईच्या खोलीत आहे. रात्री उशिरा मध्यम लहरींवर एखादे दूरचे केंद्र लागते, कधी नुसती खरखर येते. आई तीही ऐकत बसते.

एक गोष्ट सांगायची राहिली. ॲम्प्लिफायर पुरा झाला त्या दिवशी मी मुलाला जवारीची उपमा मोठ्या उत्साहाने समजावून सांगितली. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "सर, मग तंबोऱ्याची जवारी कशी काढतात ते दाखवा ना." मी गप्प झालो. अण्णा पडवीत बसून घोडीवर कानस फिरवत, तार चढवत, ऐकत, पुन्हा उतरवत. दोन दोन दिवस चाले ते. मला त्या वयात त्याचा कंटाळा येई. मी शेजारी बसलो नाही. दरबारी सतारियाचा मुलगा आहे, पण जवारी मला काढता येत नाही; तंबोरा आणि सतार मी मिरजेस पाठवतो.

मुलाला मी खरे ते सांगितले. या दिवाळीच्या सुट्टीत तंबोरा बरोबर घेऊन आम्ही दोघे मिरजेस जाणार आहोत. तो पाहायला येतो आहे. मी शिकायला जातो आहे.